नावाएवढी खिडकी

“सगळी बटणं वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलीयत,” रिसीव्हरवर हात ठेवून फोनवाली ताई म्हणाली. “डावीकडच्या. एकमेकांच्या अंगावर. डॉक्टर विचारतायत, हे नवीन डिझाइन आहे का?”

“हो म्हणून सांग,” धाकटे साहेब म्हणाले.

ताईने सांगितलं. पलीकडचं ऐकून घेतलं. “ते म्हणतायत, मग जुनं परत द्या.”

तोवर दुसरा फोन वाजायला लागला होता. मग तिसरा. आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवते. कुणाची कुठली दाढ काढली, कुणाच्या दातात काय भरलं, कोण ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणून कायमचं पळून गेलं, हे सगळं त्यात राहतं. त्या सकाळी गावभरच्या दवाखान्यांत पेशंट आ वासून बसले होते आणि पडद्यासमोर डॉक्टरही.

धाकटे साहेब एक हात गालावर धरून माझ्या टेबलापाशी आले. त्यांची दाढ दुखत होती. दातांच्या प्रोग्रॅमचा मालक असून ते दातांच्या डॉक्टरला जाम घाबरायचे. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलायचं नाही.

“काय झालंय हे?”

“बघतो,” मी म्हणालो.

मला बघायची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी काय झालं ते मी समोरच बसून पाहिलं होतं. धाकट्या साहेबांनी माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला होता, “अरे, मीपण एकेकाळी हे करायचो,” असं म्हणाले होते आणि प्रोग्रॅमच्या तळाशी असलेली एक छोटीशी करड्या रंगाची पाटी निवडून डिलीटचं बटण दाबलं होतं. एकाच बोटाने. रात्रीतून तोच बदल सगळ्या दवाखान्यांत पोचला. त्या पाटीवर एक नाव होतं. ते नाव आत्यांचं होतं.

आत्या म्हणजे थोरल्या साहेबांची सख्खी बहीण. थोरले साहेब म्हणजे धाकट्यांचे वडील. ते आता स्वागतकक्षात फोटोत असतात. धाकटे तिला आत्या म्हणायचे, म्हणून सगळं ऑफिस आत्या म्हणायचं. हा प्रोग्रॅम आत्यांनी लिहिला. म्हणजे कोणीतरी मदत केली, कोणीतरी चहा दिला, कोणीतरी गिऱ्हाइकांसमोर हात हलवत बोललं, असं नाही, लिहिला त्यांनी. थोरले साहेब बोलायचे. “ही माझी बहीण,” ते गिऱ्हाइकाला सांगायचे, “मला मदत करते.” आत्या तेव्हा मान खाली घालून बटणं सरळ करत असायच्या. त्यांच्या हयातभराचं काम एका ओळीत सांगायचं तर एवढंच: त्यांनी बटणं सरळ केली.

थोरले गेल्यावर धाकटे खुर्चीत बसले आणि एक दिवस म्हणाले, “आत्या, आता तू आराम कर.”

“मी दमलेय असं कोण म्हणालं?”

“कुणी नाही. पण आराम कर.”

मग निरोप समारंभ झाला. केक होता. कंपनीचं चिन्ह असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. धाकट्यांनी भाषणात ‘कुटुंब’ हा शब्द इतक्यांदा वापरला की ताई पुटपुटली, “आता आत्यांना घरातूनपण काढतात की काय.” मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवसापासून मी डूख धरून होतो. पण डूख धरून करायचं काय, हे मला सुचत नव्हतं. माझा स्वभाव असा की कुणी पाय तुडवला तर मीच ‘सॉरी’ म्हणतो आणि मग घरी जाऊन त्या माणसाला मनातल्या मनात जिन्यावरून ढकलतो.

मला सगळे फूटपट्टी म्हणतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पडद्यावर लाकडी फूटपट्टी लावून दोन बटणांमधलं अंतर मोजलं होतं. आत्यांनी मागून पाहिलं, हसल्या नाहीत, म्हणाल्या, “पडदा बदललास की तुझं माप गेलं. मोजू नकोस. अट घाल.”

ही अट म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुणाचा पडदा मोठा, कुणाचा लहान. कुणी खिडकी पसरून ठेवतं, कुणी कोपरा धरून ओढून चिंचोळी करतं. म्हणून बटणाला जागा सांगायची नसते, अटी सांगायच्या असतात. तू डाव्या कडेपासून बोटभर दूर राहा. शेजाऱ्याच्या खाली राहा. त्याच्याएवढंच रुंद हो. मग खिडकी कशीही ओढली तरी बटणं आपसांत बघून घेतात. अटी कमी पडल्या तर बटणाला कुठे जावं ते कळत नाही आणि ते कोपऱ्यात जाऊन बसतं. अटी एकमेकींशी भांडल्या तर कॉम्प्युटर त्यातली एक मोडतो आणि तसं कळवतो, की या सगळ्या एकदम पाळता येत नाहीत, सबब ही मोडतो आहे. माणसं मोडताना इतकी सभ्यता दाखवत नाहीत.

आणखी एक असतं. प्रत्येक पाटीला एक आकडा देतात. जागा कमी पडली तर तू किती दबून घेशील, याचा. आकडा लहान असेल तर पाटी निमूट आक्रसते, शेवटची अक्षरं गिळते आणि तीन टिंबं दाखवते. आकडा मोठा असेल तर ती दबत नाही, दुसऱ्यांनी दबायचं. “तुझा आकडा फार लहान आहे रे,” आत्या मला म्हणायच्या. चुलत्याने पुतण्याच्या छातीचं माप काढावं तसा सूर असायचा.

तर त्या सकाळी मी प्रोग्रॅम उघडला आणि अटी बघत बसलो. जतन करायचं बटण छापायच्या बटणाला धरून होतं. छापायचं बटण पेशंटच्या यादीला. यादी तारखेच्या चौकटीला. आणि तारखेची चौकट, जबड्याचं चित्र, औषधांचा रकाना, सगळी दोरी शेवटी तळाशी जाऊन एकाच ठिकाणी बांधलेली होती. आत्यांच्या नावाला. रकान्याची रुंदी किती? आत्यांच्या नावाएवढी. जबड्याचं चित्र किती मोठं? नावाच्या दुप्पट. एका पाटीवर अख्खं बत्तीस दातांचं बिऱ्हाड उभं होतं, आणि ती पाटी साहेबांनी एका बोटाने उडवली होती.

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

“कळलं का काही?” साहेबांनी विचारलं.

“नावामुळे झालंय,” मी म्हणालो. “नाव परत टाकलं की सगळं जागेवर जाईल.”

“नाव नाही.” ते गाल दाबत म्हणाले. “काहीही टाक. ते नाव नाही.”

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. हे सहज निस्तरता आलं असतं. एक रिकामी पाटी ठेवायची, तिला तेवढीच रुंदी बांधून द्यायची, आणि चहा गार व्हायच्या आत काम संपलं असतं. मी ते बोललो नाही. मला ‘काहीही टाक’ असं सांगण्यात आलं होतं, आणि मी हुकमाचा ताबेदार.

आधी मी साहेबांचंच नाव टाकलं. ते खूश झाले. पण त्यांचं नाव आखूड, त्यात दोन अक्षरं काटकुळी. सगळे रकाने आत ओढले गेले. ‘दाढ काढली’ या खुणेतली शेवटची अक्षरं गळून ‘दाढ का’ एवढंच उरलं. एका दवाखान्यातून फोन आला, की आमच्या मदतनीस बाई पेशंटला तोच प्रश्न विचारतायत आणि पेशंटकडे उत्तर नाही.

मग नावाआधी ‘माननीय’ लावलं. आता पाटी इतकी रुंद झाली की छापायचं बटण खिडकीच्या बाहेर गेलं. ते होतं, पण कुणाला दिसत नव्हतं.

“मधलं काहीतरी बघ की!” साहेब ओरडले आणि ओरडल्यामुळे दाढेतून कळ गेली.

तेव्हा मीटिंग बोलावण्यात आली. विषय होता: आत्यांच्या नावाएवढं रुंद नाव शोधणे. अक्षरं मोजून भागत नाही, हे मी सगळ्यांना समजावलं. काही अक्षरं ऐसपैस बसतात, काही अंग चोरून. एकेकाने आपलं नाव फळ्यावर लिहायचं, मी ते मापून बघायचं. साहेबांचं नाव, साहेबांच्या बायकोचं, मुलाचं, बायकोच्या माहेरचं आडनाव, कुत्र्याचं. कुत्र्याचं जवळपास बसत होतं. साहेब क्षणभर विचारात पडले, हे मी स्वतः पाहिलं.

“हिशेबनीसांचं बघा,” ताई साळसूदपणे म्हणाली. “ते रुंद आहे.”

हिशेबनीस उभेच राहिले. “माझं नाव नको हं. आज टाकाल, उद्या काढाल, परत बटणं पडतील, आणि लोक म्हणतील माझ्यामुळे पडली. मला मुलंबाळं आहेत.”

शेवटी साहेबांनी आईला फोन लावला. माहेरकडचं, आजोळचं, कुणीतरी लांब नावाचं असेल म्हणून. फोन चुकून स्पीकरवर होता. त्यांची आई आणि आत्या म्हणजे भावजय आणि नणंद. दोघींनी एकमेकींना उभ्या आयुष्यात धड विचारपूस केली नव्हती. साहेबांनी काय हवंय ते सांगितलं.

“तुझ्या आत्याच्या नावाएवढं नाव,” त्यांची आई म्हणाली, “आपल्या घरात दुसऱ्या कुणाचंच नाही रे.” आणि तिने फोन ठेवून दिला.

मीटिंगमध्ये कुणीच कुणाकडे बघेना. मी फळा पुसला.

संध्याकाळी मी आत्यांकडे गेलो. त्या एकट्याच राहतात, तिसऱ्या मजल्यावर. निरोपाचं घड्याळ मला भिंतीवर दिसलं नाही. मग टिकटिक ऐकू आली; ते चपलांच्या कपाटात होतं, चपलांच्या खाली, आणि बरोबर वेळ दाखवत होतं.

“फेकलं का नाही?”

“चालू आहे ना ते. चालू वस्तू काढून टाकायची सवय मला नाही,” आत्या म्हणाल्या. “बस. बटणं कुठे पडली? डावीकडे?”

मी चाट पडलो. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? काढलं असणार नाव त्याने.” त्यांनी चहाचं आधण ठेवलं. पाठमोऱ्या म्हणाल्या, “किती दवाखान्यांत?”

“सगळ्या.”

“सगळ्या,” असं त्यांनी इतक्या चवीने म्हटलं की चहात साखर घालायची त्या विसरल्या. मीही आठवण केली नाही. तो चहा मला गोडच लागला.

“मला वाटलं, तुम्ही सुरुवातीला गंमत म्हणून नाव टाकलं असेल आणि मग चुकून सगळं त्याला बांधलं गेलं.”

“चुकून?” त्या वळल्या. “अरे फूटपट्टी, मी उभ्या जन्मात चुकून एक रेघ ओढलेली नाही. पहिल्या दिवशी याचा बाप म्हणाला, ‘नाव टाक खाली बारीकसं, गिऱ्हाईक वाढलं की काढू.’ मी म्हटलं, बरं. भाऊच माझा, ओळखत होते मी त्याला. मग जे जे बनवलं ते त्या नावाला बांधलं. बटण आलं, बांध नावाला. यादी आली, बांध नावाला. मोठा दवाखाना आला, जबडा काढायला सांगितला, बांध जबडा. मनात म्हणायचे, काढ. आता काढ.”

“आणि त्यांनी काढलं नाही.”

“तो विसरून गेला.” हे म्हणताना त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं जपून ठेवलेला सूड आणि समोरचा विसरूनच गेला, याचं दुःख काय असतं ते मला तेव्हा दिसलं. “बरं झालं, मुलगा बापासारखा विसरभोळा नाही निघाला.”

मग मी मीटिंगची हकीकत सांगितली. कुत्र्याच्या नावाशी त्या हसल्या. भावजयीचं वाक्य सांगितलं तेव्हा हसायच्या थांबल्या, कप खाली ठेवला, उचलला, परत ठेवला.

“आता काय करू?” मी विचारलं. “आणखी चार दिवस घोळ घालू शकतो मी. मनापासून घालेन.”

“नको. दवाखान्यांचा काय दोष? माझं नाव परत टाक, आणि रंग मागच्या रंगासारखाच दे. पांढऱ्यावर पांढरं. बटणं जागेवर जातील, आणि त्याला नाव दिसणार नाही. आनंदाने हो म्हणेल.”

मला राग आला. खरंच आला. “म्हणजे तुम्ही तिथे असायचं आणि दिसायचं नाही? इतकी वर्षं तेच तर केलंत.”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, आणि अगदी सहज विचारलं, “आपल्या पहिल्या डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरच्या. त्यांचे डोळे कसे आहेत हल्ली?”

त्या डॉक्टरीणबाईंचे डोळे अधू झाले होते. दात त्या भिंगातून बघायच्या. पण पडद्यासाठी त्यांनी नुकतीच कॉम्प्युटरची ती सोय लावून घेतली होती, ज्यात सगळा पडदा काळाकुट्ट होतो आणि अक्षरं पिवळीधमक, मोठी. त्या सोयीत आपण दिलेले रंग कॉम्प्युटर जुमानत नाही. पांढऱ्यावर पांढरं लिहिलेलंही तिथे पिवळं होऊन उभं राहतं.

“आत्या,” मी म्हणालो, “तुम्ही फार वाईट आहात.”

“बिस्कीट घे,” आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना तोडगा सांगितला. ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि ‘ती आहे पण नाही, हेच तर हवं होतं’ असं वाक्यही बोलले. मी ते वाक्य जपून ठेवलं. मग खुशीच्या भरात म्हणाले, “आता वरती ठळक टाक. संकल्पना व मार्गदर्शन, आणि पुढे माझं नाव.”

“टाकतो,” मी म्हणालो. टाकलं. ठळक टाकलं. आणि त्या पाटीला दबून घेण्याचा आकडा असा दिला, की त्याहून लहान आकडा त्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कुणाचाच नव्हता. मला आकडा दिला असता तर तोही याहून मोठाच निघाला असता.

बटणं जागेवर गेली. फोन थांबले. राहिली ती दाढ.

गाल आता भोपळ्यासारखा झाला होता. साहेब पातळ पेज पिऊन दिवस काढत होते आणि कुणी डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलायचे. मी आणि ताईने मिळून कामाला सुरुवात केली.

“दुर्लक्ष करू नका हो,” ताई म्हणाली. “माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांनी असंच केलं.”

“मग?”

“मग काय,” ताई म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही. तिला मावसभाऊ नाही.

“आपल्या पहिल्या डॉक्टरीणबाई आहेत ना,” मी म्हणालो. “हात फार हलका आहे म्हणतात. मी येतो सोबत.”

त्यांनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने बघितलं की घडीभर मला माझीच लाज वाटायला आली होती. मी ती लाज येऊ दिली नाही.

दवाखाना जुना, स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, त्यावर आणखी एक भिंग. साहेब ते बघून पांढरेफटक पडले.

“यांना दिसतं ना रे?” ते माझ्या कानात म्हणाले.

“दातांचं दिसतं,” मी म्हणालो.

त्यांना खुर्चीत आडवं केलं. दिवा वर आला. इंजेक्शन बघताच त्यांनी माझं मनगट पकडलं, घट्ट. मी ते सोडवलं नाही, कारण मला तिथेच उभं राहायचं होतं. बाईंनी तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली. आता ते फक्त ‘आ’ म्हणू शकत होते. मग बाईंनी पडदा ओढून त्यांच्या डोळ्यांसमोर आणला. काळाकुट्ट पडदा, पिवळी अक्षरं.

“हं, हे बघा, ही तुमची दाढ,” बाई म्हणाल्या, आणि फोटो शेजारी दिसावा म्हणून त्यांनी आमच्या प्रोग्रॅमची खिडकी कोपऱ्याला धरून अर्ध्यावर आणली.

अटी कामाला लागल्या. रकाने आक्रसले. यादी आक्रसली. वरचं ‘संकल्पना व मार्गदर्शन’ आधी ‘संकल्पना व मा’ झालं, मग ‘संक’, मग नुसती टिंबं राहिली. साहेबांचं नाव तर केव्हाच गेलं होतं. आणि खाली, काळ्यावर पिवळं, बोटाएवढ्या अक्षरांत, एक काना-मात्रा न गमावता, आत्यांचं अख्खं नाव.

“आ,” साहेब म्हणाले.

“दुखतंय? अजून सुरूसुद्धा केलं नाही,” बाई म्हणाल्या. हत्यार निवडता निवडता बोलत राहिल्या. “हे नाव ठळक केलंत ते फार बरं केलंत. पूर्वी बारीक, करडं असायचं, मला दिसायचंच नाही. आता रोज सकाळी पहिलं तेच दिसतं. मी मुद्दाम मोठ्याने वाचते. कुठे असतात हल्ली बाई? तुमच्या कोण त्या?”

“आ.”

“आत्या,” मी मदत केली.

“हो का! मोठ्या मनाचे आहात हो. लोक बाहेर पडलेल्या माणसाचं नाव पुसायला बघतात. तुम्ही मोठं केलंत. जरा आणखी उघडा तोंड.”

मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हाच. मनातल्या मनात मी नगारे लावले होते. साहेब हलू शकत नव्हते, बोलू शकत नव्हते, मान वळवू शकत नव्हते. दाढ निघेपर्यंत त्यांना ते नाव वाचत पडून राहायचं होतं, आणि दाढ चिवट होती. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. माझ्या मनगटावरची पकड मात्र सुटली नाही.

गाडीत ते गाल धरून बसले. तोंड बधिर होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले, माझ्याकडे बघितलं, मी राजीनाम्याच्या भाषेची जुळवाजुळव करत उभा राहिलो, आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. पाटीविषयी एक अक्षर नाही. वरती आपलं नाव कापलं जातं याविषयीही नाही. चार दिवसांनी गालाची सूज उतरली तरी नाही.

मी आत्यांकडे गेलो ते जवळजवळ नाचतच. सगळं सांगितलं, नकलांसकट. खुर्ची, कापूस, ‘आ’, टिंबं. डॉक्टरीणबाईंचं ‘मोठ्या मनाचे’ तर दोनदा सांगितलं. आत्यांनी जुना कॉम्प्युटर लावला होता, त्यावर प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती उघडी होती. करडं, बारीक नाव असलेली. त्या माझं ऐकत होत्या, पण हसत नव्हत्या.

“कुठली दाढ?”

“अं? खालची. डावी.”

“त्याच बाजूने पेन्सिली चावायचा. माझ्या टेबलाखाली बसून.” त्यांनी माउस धरला. “रडला?”

“पाणी आलं डोळ्यांतून. औषधाचं असेल.”

“हात धरला असेल कुणाचा तरी.”

“माझा.”

“पहिला दात मीच काढून आणला होता त्याचा. त्याच बाईंकडे. त्याची आई यायला तयार नव्हती. घरी येईपर्यंत हात सोडला नाही त्याने माझा.” त्या थांबल्या. “आणखी दुखायला हवं होतं.”

“हो,” मी म्हणालो.

“फार लवकर काढली त्या बाईंनी.”

“हो ना.”

“आता गार पाण्याच्या गुळण्या करत असेल. गारच करणार तो. कोमट कर म्हणून कोण सांगणार?”

आत्यांनी खिडकीचा कोपरा धरला आणि आत ओढायला लागल्या. काही दाखवायचं म्हणून नाही. हाताला चाळा म्हणून. जबड्याचं चित्र लहान झालं. यादी आक्रसली. रकान्यांनी अक्षरं गिळली, बटणं एकमेकांच्या जवळ सरकली, एकेक पाटी टिंबांवर आली. त्या ओढत राहिल्या. तळाशी त्यांचं नाव तसंच होतं. मग खिडकी बरोबर त्या नावाएवढी झाली, आणि थांबली.

आत्यांनी आणखी ओढून पाहिलं. बाण आत आत गेला. खिडकी तिथेच राहिली.

चपलांच्या कपाटात घड्याळ वाजत होतं. “पक्कं आहे,” आत्या म्हणाल्या, आणि माउस सोडला.